जिमरची पत

२८.९ ह्या आकड्याशी माझं वैयक्तिक वैर नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तसा संशय येण्याचा संभव आहे. मुळात माझं पोटच आकड्यांवर आहे. बी. कॉम. एकदाचा झालो तेव्हापासून गेली वीस-बावीस वर्षं मी बँकेत बसून डावीकडचे आकडे उजवीकडे नेतो आणि संध्याकाळी दोन्ही बाजू जुळल्या की स्वतःला घरी नेतो. (हल्ली ही जुळवाजुळव कॉम्प्युटर करतो. न जुळल्यास बोलणी मात्र अजून माणसानंच खायची असतात. तेवढं काम यंत्राला जमेलसं दिसत नाही.)

तर २८.९ ही जिमर फ्रेडेट नावाच्या एका अमेरिकन मुलाची बास्केटबॉलमधली सरासरी. सालं २०१०-११. युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून खेळताना ह्या पोरानं सामन्याला सरासरी २८.९ गुण केले. अमेरिकेत वरच्या श्रेणीत खेळणारी साडेतीनशेच्या आसपास कॉलेजं आहेत, त्या सगळ्यांत त्या वर्षी हा पहिला. कॉलेजचा सामना अवघा ४० मिनिटांचा. त्यात संघ जेवढे गुण करी त्यातला साधारण तिसरा हिस्सा एकट्या जिमरचा. उरलेले दोन हिस्से बाकीच्यांनी आपापसांत समजुतीनं वाटून घ्यायचे.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला बास्केटबॉलमधलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. आमच्या ब्रँच मॅनेजरनीही तो विचारला होता, शिवाय कामाच्या वेळेत विचारला होता. त्याचं असं आहे की आमचे हेडकॅशियर खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत आले. एके काळी विद्यापीठाच्या संघातून खेळत. सव्वासहा फूट उंची. कॅशची खिडकी मध्यम उंचीच्या माणसासाठी केलेली असल्यामुळे गिऱ्हाइकाला त्यांचा चेहरा कधी दिसत नाही, नुसता शर्टाचा खिसा दिसतो. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडं सकाळ, त्यामुळे तिकडचे सामने इकडं दूध तापायच्या सुमाराला टीव्हीवर लागतात. ते पाहून हेडकॅशियर येतात आणि कॅश उघडायच्या आत मला सगळं ऐकवतात. पंधरा वर्षं हे ऐकल्यावर भिंतीलासुद्धा बास्केटबॉल कळू लागेल. मी तर पदवीधर आहे.

जिमरनं त्या वर्षी तिकडं जो धुमाकूळ घातला त्याला तोड नाही. मार्चमधल्या एका सामन्यात न्यू मेक्सिकोविरुद्ध त्यानं एकट्यानं ५२ गुण केले. मध्यरेषेपासून दोन पावलं पुढं आला की हा चेंडू फेकायला मोकळा, आणि तो जायचाही आत. लोक इतके वेडे झाले की त्याच्या नावाचं क्रियापद झालं. समोरच्याला त्यानं गुणांनी झोडपलं की तो माणूस 'जिमर झाला' असं म्हणत. आपल्याकडं माणूस फारच मोठा झाला तर त्याचं नाव चौकाला देतात. तिथं व्याकरणात देतात. वर्षातला सर्वोत्तम कॉलेज-खेळाडू म्हणून जी काही मोठी बक्षिसं असतात ती बहुतेक सगळी त्याच्या घरी गेली.

आणि मग वाद सुरू झाला. हा मुलगा धंदेवाईक खेळात, म्हणजे एनबीएमध्ये, चालेल का?

एक पक्ष म्हणे, २८.९! आणखी काय हवं? दुसरा पक्ष म्हणे, २८.९? पण कुणाविरुद्ध? गंमत पाहा, दोन्ही पक्षांच्या हातात कागद एकच होता. मला हे दृश्य ओळखीचं वाटलं. कर्जप्रकरण मंजुरीला जातं तेव्हा नेमकं असंच होतं.

आमच्याकडं कर्ज मागायला येणारा माणूस मागच्या तीन वर्षांचे आकडे घेऊन येतो. पुढच्या तीन वर्षांचेही आणतो, पण ते त्याच्या चार्टर्ड अकाउंटंटनं लिहिलेलं ललित वाङ्मय असतं, ते आपण सोडून देऊ. मागचे आकडे खरे असतात. खरे असतात हीच तर पंचाईत. मागं एकदा एक खानावळवाले आले होते. उलाढाल पाहिली तर डोळे दिपावेत. दर महिन्याला चढती. त्यांना भर बाजारपेठेत मोठं हॉटेल काढायचं होतं. कागद पाहता पाहता लक्षात आलं की सगळी विक्री एका वसतिगृहाची आहे. वसतिगृह गावापासून चार मैलांवर, जवळपास दुसरी खानावळ नाही. मुलं जेवायला जाणार कुठं? मी टिपणात लिहिलं, "सदर रक्कम विक्री नसून हजेरी आहे." साहेबांनी ते वाक्य काढून टाकायला लावलं. बँकेच्या टिपणात विनोद चालत नाही. विनोद फक्त व्याजदराच्या तक्त्यात चालतो. पण मुद्दा त्यांनी ठेवला.

जिमरचा कागदही तसाच पाहायला हवा होता. २८.९ ही उलाढाल. पत वेगळी.

आता उलाढालीवरून पत कशी ओळखायची? त्यासाठी शेजारी आणखी दोन फायली ठेवू. अ‍ॅडम मॉरिसन, गॉन्झागा विद्यापीठ, २००५-०६, सरासरी २८.१. स्टीफन करी, डेव्हिडसन कॉलेज, २००८-०९, सरासरी २८.६. आणि आपला जिमर २८.९. तिघंही आपापल्या वर्षी देशात पहिले. तिघंही गोरगरीब नव्हेत, पण आडगावच्या शाळेतून बोर्डात पहिल्या आलेल्या मुलांसारखे. बलाढ्य समजल्या जाणाऱ्या स्पर्धागटांतले नव्हेत. पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक ०.८ गुणांचा. एवढा फरक आमच्याकडं आला तर साहेब स्वतःच्या खिशातून भरून टाकतील आणि घरी जातील.

एनबीएत भरती कशी होते, तर वर्षातून एकदा सगळे संघ बसतात आणि ओळीनं एकेक पोरगा उचलतात. दोन फेऱ्या, साठ नावं. मॉरिसनला २००६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर उचलला, करीला २००९ मध्ये सातव्या, जिमरला २०११ मध्ये दहाव्या. म्हणजे सरासरी जितकी जास्त तितका नंबर खाली! बाजाराला संशय येत गेला होता हे उघड आहे. फक्त तो चुकीच्या वेळी आला, चुकीच्या माणसावर आला.

मॉरिसनला उचलला शार्लट संघानं. त्या संघाचा खेळविभाग तेव्हा साक्षात मायकेल जॉर्डनच्या हाती होता. बास्केटबॉलमध्ये जॉर्डनपेक्षा मोठा जामीनदार मिळणं शक्य नाही. मॉरिसन अंगानं उंच, मिशी कोवळी, आणि लहानपणापासून मधुमेह. सामना चालू असताना बाकावर बसून इन्सुलिन टोचून घेणारा जिद्दी मुलगा. पण पहिल्याच वर्षी शंभर फेकींमागं जेमतेम ३८ आत गेल्या. पुढच्या हंगामाआधी गुडघा गेला, वर्ष फुकट गेलं. नंतर लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघात दोन वेळा अजिंक्यपदाची अंगठी मिळाली, २००९ आणि २०१०. खेळायला मात्र फारसं मिळालं नाही. संघाबरोबर बसला म्हणून अंगठी. ह्यावर तिकडं पुष्कळ टवाळी झाली. मला ती पटत नाही. बँकेच्या शताब्दीला चांदीचं नाणं सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळतं, त्या दिवशी कोण किती काम करत होता हे कुणी विचारत नाही.

करीचं काय झालं हे जगाला ठाऊक आहे. चार अजिंक्यपदं, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडू, आणि तीन-गुणी फेकींचा सर्वकालीन विक्रम डिसेंबर २०२१ पासून त्याच्या नावावर. पण २००९ मध्ये त्याच्याबद्दल काय म्हणत होते? किरकोळ अंगाचा आहे. उडी नाही. धक्का सोसायचा नाही. मिनेसोटा संघाला त्याच्या आधी पाठोपाठ दोन संधी होत्या, पाचवी आणि सहावी. दोन्ही वेळा त्यांनी त्याच जागेवर खेळणारी मुलं घेतली आणि दोन्ही वेळा करीला सोडलं. एका रिकाम्या खुर्चीसाठी दोन माणसं नेमायची आणि हवा तो माणूस तिसऱ्या शाखेला जाऊ द्यायचा, हे फक्त सरकारी बँकांतच होतं अशी माझी समजूत होती.

हेडकॅशियर म्हणतात, "अहो, मोठा आकडा सोडा. बाजूचे रकाने बघा."

बघितले. करी शेवटच्या वर्षी सामन्याला २.५ वेळा समोरच्याच्या हातातला चेंडू हिसकावून घेत होता. जिमर १.३ वेळा. मॉरिसन त्याहूनही कमी. दुसऱ्याला चेंडू देऊन करवलेल्या बास्केट करीच्या ५.६, जिमरच्या ४.३, मॉरिसनच्या दोनाच्या आत. चेंडू हिसकावायला हात चपळ लागतात, पाय चपळ लागतात, आणि समोरचा पुढच्या क्षणी काय करणार ह्याची बातमी आधी लागते. ह्या गोष्टी कॉलेजातून एनबीएत बदली झाली तरी बरोबर येतात. गुणांची सरासरी मात्र जुन्या शाखेतच राहते.

करीच्या फायलीत आणखी एक कागद आहे, तो फार लोकांनी उघडलाच नाही. २००७-०८ मध्ये, म्हणजे शेवटच्या आदल्या वर्षी, डेव्हिडसनचा चेंडू करीकडं नसायचा. तो जेसन रिचर्ड्स नावाच्या जोडीदाराकडं असायचा, आणि त्या वर्षी पास देण्यात तो देशात पहिला होता. करी नुसता पळायचा. इकडून तिकडं, आडोशातून आडोशात, आणि मोकळा झाला की चेंडू हातात येताक्षणी फेकायचा. तसं करून त्यानं सरासरी पंचविसाच्या वर नेली होती. रिचर्ड्स पदवी घेऊन गेला, मग करीनं चेंडू स्वतः वाहिला आणि सरासरी २८.६ झाली. दोन्ही टेबलांवर काम केलेला माणूस! असा माणूस कुठल्याही शाखेत टाका, उपाशी मरत नाही.

जिमर एकाच टेबलावर बसला होता. चेंडू त्याच्याकडं, नजर त्याच्याकडं, शेवटची फेक त्याची. बचावाच्या वेळी तो थोडा दम खाई हे त्याच्या चाहत्यांनाही दिसत होतं. त्यांचं म्हणणं, खाऊ दे की, बाकीचं सगळं तोच करतोय. हे बरोबरच होतं. छोट्या शाखेत एखादा असा असतो. पासबुकं तोच भरतो, ड्राफ्ट तोच काढतो, पंखा बिघडला तर तोच बघतो. साहेब त्याच्यावाचून सही करत नाहीत. मग त्याची मुख्य कचेरीत बदली होते. तिथं पासबुकांना वेगळं खातं, ड्राफ्टला वेगळं, आणि पंख्याला तर इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट. हा बिचारा सकाळपासून खुर्चीत बसून कुणी काही विचारतंय का ह्याची वाट बघतो. त्याची हुशारी कमी झालेली नसते. ती लागत नाही एवढंच.

जिमरवर घेतलेला एक आक्षेप मात्र मला तेव्हाही बाष्कळ वाटला होता. म्हणे एनबीएत तीन गुणांची रेघ लांब आहे, हा तिथून फेकेल कसा? त्या काळी कॉलेजची रेघ बास्केटपासून २० फूट ९ इंचांवर होती, एनबीएची २३ फूट ९ इंचांवर. फरक बरोबर एक वार. पण जिमर कॉलेजातसुद्धा ह्या दोन्ही रेघांच्या मागूनच फेकत असे! रेघ त्याला अडचण नव्हती, दागिना होती. आणि पुढं तसंच झालं. २०१३-१४ मध्ये सॅक्रामेंटो संघाकडून त्यानं तीन-गुणी फेकींतल्या जवळजवळ निम्म्या आत घातल्या. असं प्रमाण भल्याभल्यांना जमत नाही. फेक त्याच्याबरोबर आली होती. चेंडू आला नव्हता.

भरतीच्या त्याच रात्री, जिमरच्या लगेच पुढं, अकराव्या क्रमांकावर क्ले थॉम्पसन गेला. कॉलेजातली सरासरी २१.६, जिमरपेक्षा सात गुण कमी. पुढं डिसेंबर २०१६ मध्ये ह्या क्ले थॉम्पसननं इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले, आणि त्या साऱ्या वेळात त्यानं चेंडूचे टप्पे मारले एकूण अकरा. अकरा! चेंडू त्याच्या हातात सगळा मिळून दीड मिनिटभर होता. दीड मिनिटात आमच्याकडं एक चेकसुद्धा पास होत नाही. असा माणूस कुठल्याही संघाला परवडतो, कारण तो दुसऱ्या कुणाचं काहीच घेत नाही.

आणि पंधराव्या क्रमांकावर कोण होतं? कवाय लेनर्ड. आता हे ऐका. २६ जानेवारी २०११ ला जिमरच्या संघाची सॅन डिएगो स्टेटशी गाठ पडली. जिमरनं ४३ गुण केले, सगळी अमेरिका जिमर-जिमर करत झोपायला गेली. समोरच्या हरलेल्या संघात हा लेनर्ड होता. मुका पोरगा, हात फावड्याएवढे, हंगामाची सरासरी पंधरा-साडेपंधरा. पुढं २०१४ आणि २०१९ च्या अंतिम मालिकांत सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हा. त्या रात्री प्रेक्षागृहात हजारो माणसं होती, आणि अंतिम मालिका जिंकून देणारा माणूस बघायला आपण आलोय असं त्यातल्या फार थोड्यांना वाटलं असेल.

असं असलं तरी सॅक्रामेंटोनं जिमरला घेतलं ह्यात काही मूर्खपणा केला असं मी म्हणणार नाही. तीन संघांच्या अदलाबदलीतून तो त्यांच्याकडं आला. संघाची हलाखी होती, गाव सोडून जायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि तिकिटं खपवणारा माणूस हवा होता. पण त्याचे ग्रहच फिरलेले. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंचं भांडण होऊन टाळेबंदी झाली, हंगाम नाताळात सुरू झाला, नव्या पोरांना शिकायला वेळच नाही. ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याला घेतला त्याला सात सामन्यांत काढून टाकला. दुसरा आला. तो गेला, तिसरा आला. तीन वर्षांत तीन साहेब! ज्यानं नोकरी केली आहे त्याला ह्यावर अधिक सांगायला नको. प्रत्येक नवा साहेब आधीच्या साहेबाच्या माणसाकडं ज्या नजरेनं बघतो ती नजर सगळ्या खंडांत सारखीच असावी.

मध्येच, २०१३ मध्ये, संघच विकला गेला. घेणाऱ्याचं नाव विवेक रणदिवे. होय, रणदिवे. मूळचे मुंबईचे. हे कळल्यावर आमच्या शाखेत दोन दिवस सॅक्रामेंटोबद्दल आपुलकी दाटून आली होती. एकानं तर त्यांचं गाव कुठलं आणि आपल्यापैकी कुणाशी नातं निघतं का इथपर्यंत चौकशी नेली. पुढं ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ मुंबईत वरळीला येऊन इंडियानाविरुद्ध दोन सामने खेळून गेला, भारतातले एनबीएचे पहिले सामने. पण तोवर जिमर कुठं होता? रणदिव्यांच्या राज्यातच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, त्याला मोकळं केलं होतं. आपल्या माणसानं काढलं, त्याचं जरा जास्तच वाईट वाटलं.

ह्या सगळ्या प्रकरणातली खरी कडी पुढंच आहे. हेडकॅशियरनी ती मला सांगितली तेव्हा मी हातातलं व्हाउचर खाली ठेवलं. सॅक्रामेंटोनं २०११ मध्ये दहाव्या नंबरचा जिमर मिळवला, आणि त्याच रात्री यादीतलं अगदी शेवटचं, साठावं नावही त्यांनीच उचललं: आयझेया थॉमस. उंची पाच फूट नऊ इंच. म्हणजे माझ्याएवढा! कॉलेजातली सरासरी सोळा-सतरा. ह्याला कुणी घेतच नव्हतं. यादी संपवायची म्हणून घेतला म्हणा ना. पहिल्याच वर्षी त्यानं सरासरी ११.५ केली, जिमरनं ७.६, आणि जिमरची मिनिटं हळूहळू ह्या बुटक्याच्या खात्यावर जमा होत गेली. सॅक्रामेंटोनं पुढं त्यालाही जाऊ दिलं, तो भाग वेगळा. २०१६-१७ मध्ये थॉमस बॉस्टनकडून खेळत होता. तो हंगाम त्यानं गाजवला. एनबीएत, ८२ सामन्यांच्या रामरगाड्यात, जगातल्या सगळ्या आडदांड माणसांच्या मध्ये शिरून, त्याची त्या वर्षीची सरासरी किती असावी?

२८.९.

आकडा बरोबर होता. संघ बरोबर होता. वर्षसुद्धा बरोबर होतं. नोंद पन्नास ओळी खाली गेली होती.

म्हणून मग कॉलेजातले सगळे गुणवीर फुसके, असा निकाल देणारे लोक भेटतात. त्यांनाही माझा हात जोडून नमस्कार आहे. पीट मॅराविचनं लुइझियाना स्टेटकडून तीन वर्षांत ३,६६७ गुण केले, सरासरी ४४.२, आणि तेव्हा तीन गुणांची रेघसुद्धा नव्हती. संघाचा प्रशिक्षक त्याचाच बाप, त्यामुळे चेंडू कुणाकडं असायचा हे सांगायला नको. १९७० मध्ये भरतीच्या वेळी ह्याच्याबद्दलही हेच म्हणता आलं असतं की ही हजेरी आहे. पण १९७६-७७ मध्ये ३१.१ ची सरासरी काढून तो एनबीएतही पहिला आला. उलट अँटवान डेव्हिस. डेट्रॉइट मर्सीचा हा मुलगा, तोही बापाच्याच हाताखाली पाच वर्षं खेळून २०२३ मध्ये ३,६६४ गुणांवर थांबला. मॅराविचच्या विक्रमाला तीन कमी! एनबीएच्या भरतीत त्याचं नाव आलंच नाही. ते जाऊ दे. पण तीनाचा फरक ठेवून खातं बंद करायचं ही कल्पना मला सहन होत नाही. आमच्याकडं तीन रुपयांसाठी रात्री साडेनवापर्यंत थांबवतात.

आणि जे. जे. रेडिक? मॉरिसनच्या बरोबरीनं २००६ चा कॉलेज-हिरो, ड्यूकचा, सरासरी २६.८. अकराव्या नंबरवर ओरलँडोला गेला आणि पहिली दोन वर्षं बहुतेक बाकावर बसला. पण बसल्या बसल्या त्याला एक गोष्ट कळली असावी की आपण आता हिरो नाही. त्यानं बचाव शिकून घेतला, चेंडूशिवाय पळायला शिकला, आणि पंधरा वर्षं नोकरी करून २०२१ मध्ये सन्मानानं निवृत्त झाला. आता तर लेकर्सचा प्रशिक्षक आहे. मॉरिसनहून त्याची सरासरी कमी, नंबर कमी. पण नव्या साहेबाच्या हाताखाली दुसरं टेबल मागून घेतलं. जिमरनंही ते करून पाहिलं नाही असं नाही. शिकागो, न्यू ऑर्लिअन्स, न्यूयॉर्क असा तो फिरत राहिला. एनबीएतली त्याची एकूण सरासरी ६.० वर येऊन थांबली.

मग तो चीनला गेला. शांघायचा संघ. तिथं परदेशी खेळाडू मोजकेच ठेवायची परवानगी, म्हणजे चेंडू पुन्हा जिमरकडं! २०१६-१७ मध्ये सरासरी ३७.६. फेब्रुवारी २०१७ मध्ये तर एका सामन्यात ७३. तो सामना त्याचा संघ हरला हे जाता जाता सांगून ठेवतो. चिनी लोकांनी त्याला लाडानं नाव ठेवलं, त्याचा अर्थ साधारण 'एकाकी महारथी' असा होतो. इतका पैसा खर्चून पंडितांनी जे ठरवलं नाही ते त्या दोन शब्दांत आलं आहे असं मला वाटतं. ह्या माणसाला मैदानावर एकटं सोडा, तो कुणालाही भारी आहे. चार जणांत पाचवा करा, मग बघू.

आता फाइल बंद करायची तर शेरा काय मारायचा? लोक सरळ 'बुडीत' असा शिक्का मारतात. 'फसलेले गुणवंत' अशा याद्या तिकडं दरवर्षी निघतात, त्यात जिमरचं नाव हमखास. माझं ह्या ठिकाणी यादीवाल्यांशी भांडण आहे. त्यांनी मूळ दस्तऐवज वाचलेला नाही.

जिमर न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स नावाच्या छोट्या गावचा. थोरला भाऊ टी. जे. त्याला खेळायला जवळच्या तुरुंगात नेई. तिथल्या कैद्यांविरुद्ध खेळून तो घडला. भिंतीपलीकडचे लोक ओरडतायत, शिव्या देतायत, आणि हा पोरगा फेकतोय. (पुढं न्यू मेक्सिकोच्या प्रेक्षकांना तो का घाबरला नाही हे ह्यावरून समजावं.) आणि २००७ च्या जानेवारीत, जिमर शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना, ह्या भावानं एक कागद तयार केला. रीतसर करारनामा. एनबीएत खेळणं हे माझं ध्येय आहे आणि तिथं पोचण्यासाठी जे कष्ट, जो त्याग लागेल तो मी करीन, अशा अर्थाचा. जिमरनं त्यावर सही केली आणि तो पलंगाच्या वर भिंतीला लावला.

मी हा कागद बँकेच्या नजरेनं पुनःपुन्हा तपासला आहे. तारीख आहे. सही आहे. मुदत नाही. किती गुण करीन, किती वर्षं खेळीन, कितव्या नंबरवर जाईन, ह्याबद्दल एक अक्षर नाही. पोचण्याचं कबूल केलं होतं, पोचला. सहा फूट दोन इंचांचा, फारसा वेगवान नसलेला, छोट्या गावातला मुलगा पोचला. खातं पूर्ण फिटलेलं आहे. बाकीची थकबाकी आपण लोकांनी आपल्या मनानं त्याच्या नावावर टाकली.

हेडकॅशियरना हे मान्य नाही. ते म्हणतात, पोचणं आणि चालणं ह्यात फरक आहे, आणि तुम्ही भावनेच्या आहारी जाऊन कर्ज निर्लेखित करताय. ते स्वतः विद्यापीठाच्या पुढं गेले नाहीत, त्यामुळे ह्या विषयावर मी त्यांच्याशी फार ताणत नाही.

शेवटी शेवटी जिमरला त्याच्या मापाचा खेळ सापडला होता. तीन विरुद्ध तीन. अर्धंच मैदान, एकच बास्केट, दहा मिनिटांचा सामना. तिघंच असल्यावर चेंडू फार काळ दुसरीकडं राहू शकत नाही. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेला त्यानं रौप्यपदकापर्यंत नेलं आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या संघात तो आला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तिथं दुसऱ्याच सामन्यात पाय दुखावला. उरलेले सामने त्यानं बाजूला बसून पाहिले. त्याच्याशिवाय अमेरिकेचा संघ पदकापर्यंत पोचला नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. ती बातमी हेडकॅशियरनी मला खिडकीतून वाकून सांगितली, आणि मागं रांग लागलेली असताना आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग एका आजोबांनी पासबुक खिडकीवर आपटलं.